नाक्यावर कुणी आहे का?

युरोपात जाणाऱ्या माणसाची तपासणी नक्की कुठे होणार, हे तिथे पोचेपर्यंत कळत नाही. आणि पोचल्यावर कळतं, की ती मघाशीच होऊन गेली. माझ्यासारख्याला हे फार लागतं. माझी सगळी नोकरी एका महापालिकेच्या जकात नाक्यावर गेली. ट्रक आला की आडवा बांबू खाली. बिल्टी बघायची, माल बघायचा, ड्रायव्हरकडे संशयाने बघायचं, पावती फाडायची, शिक्का मारायचा, बांबू वर. जगाचा व्यवहार एवढ्यावर सुरळीत चालतो, असं माझं प्रामाणिक मत होतं आणि आहे. पुढे बऱ्याच ठिकाणची जकात गेली, एलबीटी आला, तोही गेला. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि शेवटपर्यंत जकात धरून बसलेल्या मुंबईनेही ती सोडली. त्या दिवशी मी जेवलो नाही, असं आमची ही सगळ्यांना सांगते. जेवलो होतो. गोड खाल्लं नाही, एवढंच.

मुलगी आणि जावई स्वित्झर्लंडमध्ये, बाझलला असतात. औषध कंपन्यांचं गाव. मुलीने तिकिटं पाठवली आणि फोनवर समजावलं, "बाबा, मुंबईहून जर्मनी, तिथे विमान बदलायचं, मग बाझल."

"आणि कस्टम कुठे?"

"तसं काही नसतं हो. सरळ बाहेर यायचं."

'साहेब, गाडीत काही नाही' हे वाक्य ज्याने नोकरीभर ऐकलंय, त्याने यावर विश्वास ठेवावा तरी कसा? मी सोसायटीतल्या निवृत्त बँक मॅनेजरांना गाठलं. ते युरोपला जाऊन आलेले आहेत आणि त्यामुळे खालच्या बाकावर संध्याकाळी सहा ते साडेसात त्यांचं परराष्ट्र खातं उघडं असतं.

शेंगेन हा शब्द मी तोपर्यंत भुईमुगाशी जोडत होतो. ते लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं खेडं निघालं. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या हद्दी तिथे मिळतात. 14 जून 1985 रोजी पाच देशांच्या प्रतिनिधींनी तिथे नदीत, 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' नावाच्या बोटीवर बसून, आपसातले नाके काढून टाकायच्या करारावर सह्या केल्या. पाण्यात जाऊन केल्या, हे मला पटलं. असला ठराव जमिनीवर कोण करू देईल? प्रत्यक्षात नाके उठायला 26 मार्च 1995 उजाडला. जवळजवळ दहा वर्षं फाइल फिरत होती हे कळल्यावर युरोपबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

घरी येऊन मी एक जुनं लेजर काढलं आणि दोन रकाने आखले: माणूस आणि माल. आता शेंगेनमध्ये 29 देश आहेत. त्यांपैकी पहिल्या देशात उतरलात की तुमचा पासपोर्ट तिथेच बघतात, मग तुम्हाला त्या देशात चहासुद्धा प्यायचा नसला तरी. पुढचं विमान गावातल्या गावात गेल्यासारखं. हा झाला माणूस. मालाचं कुटुंबच वेगळं. युरोपीय संघातल्या संघात पुढे जायचं असेल, तर हातातल्या पिशवीचं कस्टम पहिल्या विमानतळावर आणि विमानाच्या पोटात गेलेल्या बॅगेचं शेवटच्या विमानतळावर. म्हणजे नवरा एका नाक्यावर, पिशवी त्याच नाक्यावरच्या दुसऱ्या टेबलाशी आणि बॅग तिसऱ्याच गावी. संघातून संघात निघालेल्या बॅगेच्या पट्टीला हिरव्या कडा असतात. मुंबईहून आलेलीची पट्टी पांढरी. सौभाग्यवती आणि इतर, हा भेद त्यांनी बॅगांतही पाळलाय.

बरं, आमचं गाव तरी सरळ असावं? स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही. उलट आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड म्हणजे पंगतीला बसणारा आणि आहेराच्या वेळी चपला शोधणारा पाहुणा. त्यात बाझलचा विमानतळ बाझलमध्ये नाही. तो फ्रान्समध्ये आहे. अख्खाच्या अख्खा फ्रान्सच्या जमिनीवर. 1949 साली दोन देशांनी करार केला आणि तो भागीत चालवायला घेतला. एकाच इमारतीत अर्धा भाग स्विस, अर्धा फ्रेंच. बीएसएल, एमएलएच आणि ईएपी अशी त्याला तीन नावं आहेत. आमच्याकडे एखाद्या ट्रान्सपोर्टरने एकाच गोदामाला तीन नावं लावली असती, तर आम्ही ते त्याच दिवशी सील केलं असतं.

"मग आमच्या बॅगेचं कस्टम नेमकं कोण करणार?" मी मॅनेजरांना विचारलं.

"तुम्ही कुठल्या दाराने बाहेर पडता त्यावर आहे," ते शांतपणे म्हणाले. बँकेत कर्जमागण्यांनाही ते असंच उत्तर देत असावेत.

खाण्याच्या बाबतीत त्यांनी एक छापील कागदच दिला. भारतातून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप नाही, पेढे नाहीत, श्रीखंड नाही. मासे मात्र माणशी 20 किलोपर्यंत चालतात. म्हणजे आमच्या शाकाहारी घराला पावशेर कंदी पेढे बंद आणि सुके बोंबील मात्र गोणीभर मोकळे. फळं, भाज्या, कढीलिंबसुद्धा, सगळ्याला सरकारी रोगमुक्तीचा दाखला लागतो. त्यातून सुटलेली फळं पाचच: केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. हिने यादी वाचली आणि म्हणाली, "सत्यनारायण होतोय की. फक्त प्रसादाचं तूप-दूध तिथे घ्यायचं." आंब्याचा विषय मीच काढला नाही. 2014 च्या मे महिन्यात या मंडळींनी फळमाशीपायी आपला हापूस बंद केला होता आणि 2015 च्या जानेवारीत पुन्हा सुरू केला. जानेवारीत! हापूसला परवानगी द्यायची ती नेमकी त्याला मोहोर असताना.

"आणि गंमत ऐका," मॅनेजर म्हणाले, "झुरिकच्या विमानतळावर बोगद्यातून एक गाडी जाते. तिच्यात गाई हंबरल्याचा आवाज लावतात."

दूध आणू देत नाहीत आणि गाय ऐकवतात. हे वागणं नाक्यावरच्या माणसाला कळतं.

मग फाइल. व्हिसा, 30,000 युरोंचा विमा, मुलीचं आमंत्रणपत्र, जावयाची पगाराची चिठ्ठी, आमचं पेन्शनचं पुस्तक, विवाहनोंदणी. मॅनेजरांनी सुचवलं, "सातबारा ठेवा. परत येणार याला पुरावा." गावी दहा गुंठे आहेत, त्यात सहा वारस. तरी ठेवला. रोज रात्री जेवणाच्या टेबलावर सराव व्हायचा. ही अधिकारी व्हायची.

"कुठे चाललात?"

"बाझल, स्वित्झर्लंड. तथापि विमानतळ फ्रान्समध्ये असल्याने..."

"अहो, विचारलं तेवढंच सांगा."

"लपवलं असं वाटायला नको."

"मला तर आत्ताच वाटायला लागलंय."

जर्मनीत पहाटे उतरलो. विमानतळाचं नाव सांगत नाही. तिथे मुलीला पुन्हा उतरायचंय. विमानातून बाहेर पडलं की बाणांमागून चालायचं. चालायचं म्हणजे किती, तर आमच्या हिने सकाळच्या फिरण्याचा महिनाभराचा कोटा तिथेच संपवला. फ्रँकफर्टला म्हणे ए आणि झेड ही दारं एकमेकांच्या डोक्यावर आहेत. खालच्या मजल्यावर शेंगेनचे प्रवासी, वरच्या मजल्यावर बाहेरचे. मधल्या चोवीस अक्षरांनी काय करायचं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पासपोर्टच्या रांगा दोन. एक युरोपवाल्यांची. ती रांग नव्हतीच. माणसं दाराशी येत आणि विरघळत. दुसरी उरलेल्या जगाची. उरलेलं जग त्या दिवशी बरंच होतं. आमच्या पुढे मराठी टूर होती. सात देश करून बाराव्या दिवशी परत. त्यातल्या एका काकूंनी रांगेतच ठेपल्यांचा डबा उघडला होता. "वेळेत खाल्लेलं बरं, इटलीत पुन्हा चालायचंय." मागे एक विद्यार्थी होता. त्याच्या हातात कुकर होता, त्याची शिट्टी खिशात. आईने सांगितलं होतं, दोन्ही एकत्र ठेवलं की बॉम्ब वाटतो. आमच्या विमानाला दीड तास होता आणि रांग अशी वळत होती, की तोच काळ्या कोटातला गृहस्थ मला पुन्हा पुन्हा समोरून भेटत होता. तिसऱ्या वळणाला आम्ही एकमेकांना हसलो. पाचव्याला त्याने मुलांचे फोटो दाखवले.

शेवटी काचेपाशी पोचलो. अधिकारी तरुण होता. त्याच्या वयाचा असताना मी केळ्यांच्या ट्रकमध्ये चढून खालची रास उपसायचो.

"कुठे?"

"बाझल." एवढंच म्हणून थांबायचं ठरलं होतं. पण समोरचा माणूस टायपायला लागला आणि माझी सवय उफाळली. "ते स्वित्झर्लंडमध्ये आहे. पण विमानतळ फ्रान्समध्ये आहे."

त्याने टायपणं थांबवलं. "म्हणजे तुम्ही फ्रान्सला चाललात?"

"नाही, स्वित्झर्लंडला."

"व्हिसा स्विस आहे."

"बरोबर."

"आणि आत्ता तुम्ही जर्मनीत आहात."

"नाइलाज आहे," मी म्हणालो. मागून कमरेत चिमटा बसला. मी घाईने फाइल उघडली, ती उलटी उघडली आणि सातबारा त्याच्या टेबलावर जाऊन पडला. त्याने तो दोन बोटांनी उचलला, सगळ्या वारसांकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "हे काय?"

"शेत."

"इथे?"

"नाही. तालुका..." पुन्हा चिमटा.

मग त्याने बोटं ठेवायला सांगितली. व्हिसासाठी मुंबईत दिलेले ठसे इथे जुळवून बघतात. माझे जुळेनात. आयुष्यभर पावत्या फाडून आणि नोटा मोजून बोटांवर उरलंय काय? एकदा ठेवली, पुसून ठेवली, त्याने सांगितलं तशी दाबून ठेवली. मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. ठेपलेवाल्या काकू दुसऱ्या खिडकीतून केव्हाच पार झाल्या होत्या आणि पलीकडून मला धीराचे हातवारे करत होत्या. अखेर यंत्राला दया आली. फोटो निघाला. त्याने पासपोर्ट मिटून परत दिला.

मी तिथेच उभा. "शिक्का?"

"शिक्का नाही. आता सगळं संगणकात."

12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपने येण्याजाण्याची नोंद ठेवायची नवी पद्धत सुरू केली. चेहरा आणि ठसे यंत्रात जातात आणि शिक्का हळूहळू पेन्शनीत. हे मी कागदावर वाचलं होतं. पण कागदावर वाचणं वेगळं आणि एका तरुण, धडधाकट माणसाच्या टेबलावर शिक्क्याचं पॅडच नाही, हे डोळ्यांनी बघणं वेगळं. आल्याचा पुरावा काय मग? उद्या कुणी म्हणालं की तुम्ही आलाच नाहीत, तर?

हिचा नंबर लागला. "मुलीकडे?" तिने मान हलवली. बोटं ठेवली, जुळली. तो हसून काहीतरी गोड बोलला. बोटांना कणीक लागलेली असली की ठसे चांगले उमटतात, असं तिने मला चालता चालता ऐकवलं.

पुढे पुन्हा सुरक्षा तपासणी. मुंबईत झाली होती, पण मुंबईतली तपासणी जर्मनीत चालत नाही, ही एक गोष्ट मला मनापासून आवडली. नाका म्हटला की स्वतःच्या डोळ्यांनीच बघितलं पाहिजे. हिच्या पिशवीतली भाजणी त्यांनी बाजूला काढली आणि एका बाईने तिला कापडाची पट्टी लावून ती यंत्रात घातली.

"हे काय आहे?"

"पीठ," मी म्हणालो.

"कशाचं?"

इथे मात्र हिने मला बाजूला सारलं. तांदूळ, बाजरी, हरभराडाळ, उडीद, धणे, जिरे, किती भाजायचं, कशाच्या आधी काय भाजायचं, असं सगळं तिने मराठीतच आणि हातांनी सांगितलं. ती बाई ऐकत होती. यंत्राने हिरवा दिवा दाखवला, तेव्हा धण्यांचं प्रमाण चाललं होतं. तिने ते पुरं होऊ दिलं. मेतकूट आणि सांडगी मिरच्या न विचारता सुटल्या. विमान सुटायच्या बेतात होतं आणि आम्ही ते धावत पकडलं, यावर अधिक लिहीत नाही. त्या धावण्याचा व्हिडिओ कुठे निघाला नसावा, अशी आशा आहे.

बाझलला उतरलो तर पासपोर्टकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बॅगा आल्या. मग समोर दोन वाटा. एकीवर स्वित्झर्लंडचा झेंडा, दुसरीवर फ्रान्सचा. आणि नेमकं तेव्हा हिने हळूच सांगितलं, "अहो, बॅगेत डिंकाचे लाडू आहेत."

"तुपातले?"

"मग काय तेलातले करू?"

तूप हा दुग्धजन्य पदार्थ. पण तूप लाडवात गेलं की तो माल तूप राहतो की मिठाई होतो? वर्गवारी हा आमच्या खात्याचा प्राण. लाकडी देव्हारा फर्निचरमध्ये धरायचा की पूजासाहित्यात, यावर आम्ही एकदा दुपार घालवली होती आणि देव्हारा तोवर उन्हात होता. तेव्हा हा निर्णय मी घेणं बरोबर नव्हतं, तो अधिकाऱ्याचा. मी लाल पाटीकडे वळलो. हिरव्या पाटीखालून सगळं जग शिट्टी वाजवत जात होतं. लाल पाटीखाली एक टेबल होतं, त्यावर कुणी नव्हतं. आत डोकावलो. रिकामी खुर्ची, पाठीला अडकवलेलं जाकीट.

"कुणी आहे का?" मी मराठीतच हाक मारली.

"चला हो," ही म्हणाली.

"माल दाखवल्याशिवाय जायचं नाही."

"बघणारा नाही तर दाखवायचं कुणाला?"

दहा मिनिटं उभा राहिलो. एक सफाई कामगार आला. मी त्याला लाडवांबद्दल सांगितलं. त्याने भुवया उंचावल्या, दाराकडे बोट केलं आणि झाडू घेऊन निघून गेला. जाकीट तसंच. शेवटी बाहेर पडलो. मुलगी दिसेना. फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात? मी कधीची दारात उभी आहे."

"मीही दारातच आहे."

"कुठल्या? आजूबाजूला काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती जावयाला म्हणाल्याचं ऐकू आलं, "ते फ्रान्समध्ये गेलेत."

लाल पाटी बघताना झेंडा बघायचा राहिला होता. इमारतीतूनच पलीकडे जाता येतं, म्हणून बॅगा ओढत परत निघालो. दोन देशांच्या मधल्या त्या पट्ट्यात, आणि यावर घरी कुणी विश्वास ठेवत नाही, एक स्विस कस्टम अधिकारी उभा होता. जिताजागता. गणवेशात. त्याने आम्हाला थांबवलं आणि विचारलं, "जाहीर करण्यासारखं काही?"

काय सांगू, डोळे भरून आले. मी सगळं सांगितलं. भाजणी, मेतकूट, मिरच्या, आणि लाडू, तुपासकट. माल माझ्या वापराचा नसून मुलीसाठी आहे, हेही. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं आणि डबा बघायला मागितला. हिने डबा उघडला आणि अगदी सहज, पाहुण्याला धरावा तसा त्याच्यापुढे धरला. "घ्या ना, एक घ्या."

माझ्या पोटात गोळा आला. सरकारी माणूस, गणवेशात, कर्तव्यावर, आणि त्याला तपासणीच्या मालातलाच लाडू! तो नमुना म्हणून खाल्ला तर पंचनामा करावा लागेल आणि आवडला म्हणून खाल्ला तर लाच. मी हिला थांबवायला पुढे झालो. त्याने मान हलवून नको म्हटलं, डब्यात वाकून वास घेतला, "गोड?" एवढं विचारलं आणि हात केला, जा.

"पावती?" मी विचारलं.

त्याला तो शब्द कळला नसावा.

पुढचे काही दिवस मी उदास होतो, असं जावई म्हणतो. बाझलच्या एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला जर्मनी. सगळीकडे हद्दी आणि कुठेही बांबू नाही. मग एका शनिवारी मुलगी आम्हाला बाजाराला घेऊन गेली. बाझलची आठ नंबरची ट्राम सरळ हद्द ओलांडून जर्मनीत, वाइल आम राइन गावात जाते. स्विस माणसं तिथे स्वस्त मिळतं म्हणून पिशव्या भरभरून सामान आणतात. परतताना मुलीने हिरव्या चिठ्ठ्या काढल्या. "या कस्टममधून शिक्का मारून घ्यायच्या. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांना जर्मनीचा कर परत मिळतो."

हद्दीवर एक कचेरी होती. आत खिडकी होती. खिडकीमागे अधिकारी. आणि त्याच्यापुढे माणसांची रांग, आपण होऊन आलेली, पिशव्या दाखवायला आतुर झालेली! शाम्पू, डायपर, चीज, सगळं वर करून दाखवत होती. आणि तो शिक्का मारत होता. ठक्. चिठ्ठी सरकवायची. ठक्.

मी मुलीच्या हातातून चिठ्ठ्या घेतल्या. "मी उभा राहतो."

"बाबा, पासपोर्ट माझा लागतो. मलाच उभं राहावं लागेल."

"मग मी तुझ्याबरोबर उभा राहतो."

नंबर आला. अधिकाऱ्याने पाहिलं, शिक्का मारला. एका चिठ्ठीवर तो अर्धा बाहेर गेला होता, ते मी त्याच्या नजरेला आणून दिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठी परत घेतली आणि नीट, चौकटीत, दुसरा मारला. एक चिठ्ठी मात्र त्याने नुसतीच परत केली. 2020 पासून नियम आहे, खरेदी 50 युरोंच्या वर असेल तरच शिक्का. ती एकोणपन्नासची होती.

आता दर शुक्रवारी रात्री मुलगी उद्याची यादी करायला बसते. "बाबा, तुम्हाला काही हवंय?"

मी म्हणतो, "बेरीज किती झाली ते आधी सांग."